सूर्य सर्वांचा, छत मोजक्यांचे

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेचा सोहळा आटोपून राजधानीत परतलेल्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याच दिवशी एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसविण्याची 'प्रधानमंत्री सूर्योदय योजना' जाहीर केली. सूर्यवंशी रामाच्या उत्सवदिनी सूर्याच्या नावाने योजना, हा योग अर्थातच जुळवून आणलेला होता. तीन आठवड्यांनी, १३ फेब्रुवारीला, योजना प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा मात्र तिचे नाव बदलले होते. 'सूर्योदय' मागे पडून 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' असे नवे नामकरण झाले. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. 'सूर्योदय' या शब्दात जे आवाहन नव्हते, ते 'मुफ्त' या शब्दात आहे, हे राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते. २९ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्यात निव्वळ प्रचार व प्रसारासाठी ६५७ कोटी रुपयांची तरतूद होती.

हा प्रचार वाया गेला, असे कोणी म्हणू शकणार नाही. पोस्टमन घरोघर फिरले, बँकांनी फलक लावले आणि अवघ्या महिनाभरात, १६ मार्च २०२४ रोजी, नोंदणी एक कोटीवर गेल्याचे खुद्द पंतप्रधानांनी जाहीर केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरचे चित्र पाहिले तर नोंदणी सुमारे एक कोटी ४५ लाख, प्रत्यक्ष अर्ज सुमारे २६ लाख आणि छतावर चढलेली यंत्रणा मात्र सहा लाखांच्या आसपास, अशी उतरंड दिसते. दहा लाखावे घर गाठायला मार्च २०२५ उजाडावा लागला. या तीन आकड्यांमधील अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. सौरऊर्जेविषयी जनजागृती नाही, ही तक्रार सरकारी चर्चासत्रांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. पण एक कोटी कुटुंबे महिन्याभरात नाव नोंदवितात आणि त्यांतली बहुसंख्य पुढच्या पायरीवर थबकतात, तेव्हा उणीव माहितीची नसते. ती असते ऐपतीची, छतावरील हक्काची आणि भरवशाची.

चार दशकांची वाटचाल

सौरऊर्जेचा सरकारी संसार नवा नाही. इंधनाच्या अतिरिक्त स्रोतांसाठी केंद्राने १९८१ मध्ये आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग उघडला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय केले. २००६ मध्ये त्याला 'नवीन व नवीकरणीय ऊर्जा' हे आजचे नाव मिळाले, त्या वेळी या खात्याचा स्वतंत्र कार्यभार नागपूरचे विलास मुत्तेमवार यांच्याकडे होता. राजधानीच्या सत्तावर्तुळात ते खाते तेव्हा दुय्यम गणले जाई. सौर चुली, सौर कंदील, पाणी तापविण्याचे बंब आणि प्रदर्शनातील दालने एवढीच त्याची सर्वसामान्यांना ओळख होती.

हे चित्र पालटले ते २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट हे त्याचे उद्दिष्ट २०१५ मध्ये एक लाख मेगावॅटवर नेण्यात आले. त्यातील ४० हजार मेगावॅट वीज छतांवर निर्माण व्हावी, असे ठरले. २०२२ संपले तेव्हा एकूण सौर क्षमता सुमारे ६३ हजार मेगावॅटपर्यंत पोहोचली होती. छतांचा वाटा मात्र उद्दिष्टाच्या एक पंचमांशाहूनही कमी होता. जानेवारी २०२५ मध्ये देशाने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला, तोही मुख्यतः मोठ्या सौर उद्यानांच्या बळावर.

राजस्थानात भडला किंवा कर्नाटकात पावगडा येथे जे साधले, ते घराघरांवर का साधले नाही? उद्यानात जमीन एका जागी मिळते, खरेदीदार एक असतो आणि निर्णय मोजक्या टेबलांवर होतो. छतावर मात्र प्रत्येक किलोवॅटमागे एक कुटुंब, एक वीजबिल, एक बँक आणि वितरण कंपनीचा एक अभियंता उभा असतो. उद्यानासाठी निविदा काढून भागते. छतासाठी समाजाची सहमती लागते, आणि ती निविदेने मिळत नाही.

मोफत विरुद्ध मोफत

योजनेचा हिशेब वरकरणी सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असे कमाल ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. उरलेल्या रकमेसाठी तारणाविना कर्जाची सोय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. तीन किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सुमारे ३०० युनिट वीज देते, आणि 'मुफ्त बिजली'चा अर्थ तोच. म्हणजे ही वीज मुळात मोफत नाही. आधी गुंतवणूक करावी आणि काही वर्षांनी बिलातून ती वसूल व्हावी, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराला सर्वांत मोठी स्पर्धा आहे ती खरोखरच्या मोफत विजेची. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंतचे घरगुती बिल शून्यावर आले. २०२५ मध्ये सत्तांतर झाले, तरी नव्या सरकारनेही ही सवलत चालू ठेवली. पंजाबात जुलै २०२२ पासून महिन्याला ३०० युनिट, कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून २०० युनिट आणि बिहारमध्ये विधानसभा निवडणुकीच्या तीन महिने आधी, १ ऑगस्ट २०२५ पासून, १२५ युनिट मोफत झाले. ज्याचे बिलच शून्य आहे, त्याने लाख-सव्वा लाखाची यंत्रणा कशासाठी बसवावी? केंद्र एका हाताने सूर्याची वाट दाखविते आणि राज्ये दुसऱ्या हाताने त्या वाटेवर सावली धरतात. पुन्हा दोन्ही हातांतील पैसा करदात्याचाच.

दिल्लीतील 'काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर' या संस्थेने २०२३ मध्ये केलेले गणित येथे उद्बोधक ठरते. देशातील घरांच्या छतांवर तांत्रिकदृष्ट्या ६३७ गिगावॅट, म्हणजे सहा लाख मेगावॅटहून अधिक क्षमता बसू शकते. घराघरांचा प्रत्यक्ष वीजवापर लक्षात घेतला की ती ११८ गिगावॅटवर येते. अनुदान नसताना पाच वर्षांत खर्च वसूल व्हावा, ही अट आणि कुटुंबांची पैसे मोजण्याची तयारी धरली, तर उरतात केवळ ११ गिगावॅट. सूर्यप्रकाश विपुल आहे, छतेही आहेत. परंतु बहुसंख्य घरांचा वापर इतका तुटपुंजा आणि दर इतका सवलतीचा आहे की, त्यांना हा व्यवहार परवडत नाही. परवडतो तो वातानुकूलन यंत्रे चालविणाऱ्या, वरच्या दराने बिल भरणाऱ्या आणि स्वतःचे छत असणाऱ्या वर्गाला.

छत कोणाचे?

राजधानीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. लक्ष्मीनगर, मुनिरका किंवा उत्तमनगर येथील खोल्यांतून राहणाऱ्या स्थलांतरितांच्या डोक्यावर छत असते, पण ते त्यांचे नसते. मीटर घरमालकाच्या नावावर, भाडेकरूकडे उपमीटर आणि युनिटचा भाव मालक सांगेल तो, ही राजधानीतील सर्वपरिचित व्यवस्था आहे. डीडीएच्या सदनिकांमध्ये गच्ची सामाईक असते आणि तिच्यावरून होणारे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. आर. के. पुरमसारख्या वसाहतींतील सरकारी क्वार्टरांची छते खात्याची. रहिवासी अधिकारी बदलीचा आदेश येईपर्यंतचाच पाहुणा. देशाच्या सौर धोरणाच्या नस्ती ज्यांच्या टेबलांवरून पुढे सरकतात, त्यांच्यापैकी अनेकांना दिल्लीत स्वतःच्या घरासाठी एक पॅनेलही बसविता येत नाही.

उपाय कागदावर आहेत. दिल्ली वीज नियामक आयोगाने 'व्हर्च्युअल नेट मीटरिंग'ची चौकट २०१९ मध्येच आखली. एका जागी सामुदायिक सौर यंत्रणा उभारायची आणि तिची वीज भागीदार ग्राहकांच्या बिलांतून त्यांच्या हिश्श्यानुसार वजा करायची, अशी ही पद्धत आहे. मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या सौर धोरणात सामुदायिक प्रकल्पांना स्थान मिळाले, शिवाय तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला पाच वर्षे युनिटमागे तीन रुपयांचे प्रोत्साहनही मिळाले. २०२५ मध्ये दिल्ली सरकारने आणखी ३० हजारांची भर घातल्याने तीन किलोवॅटचे अनुदान एक लाख आठ हजारांवर गेले. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी केंद्राकडून किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. यंत्रणा तिसऱ्यानेच उभारावी आणि ग्राहकाने फक्त वापरापुरते पैसे मोजावेत, या प्रकारासाठीही केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तथापि या साऱ्या तरतुदींचा प्रचार 'मुफ्त बिजली'च्या घोषणेच्या तुलनेत नगण्य आहे. छत नसलेल्याला या योजनेत काय मिळू शकते, हे सांगणारा फलक बसथांब्यावर दिसत नाही.

वितरण कंपन्यांची कोंडी

या कथेतील सर्वांत अवघड पात्र म्हणजे वितरण कंपन्या. भारतात शेती आणि गरीब घरांना मिळणाऱ्या स्वस्त विजेचा भार उद्योग, दुकाने आणि जास्त वीज वापरणाऱ्या घरांवर टाकलेला असतो. हेच चांगले ग्राहक छतावर पॅनेल बसवून दिवसा स्वतःची वीज वापरू लागले आणि उरलेली जाळ्यात सोडून रात्री परत घेऊ लागले, की कंपनीचे उत्पन्न घटते. खांब, तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. ज्या यंत्रणेने या योजनेचा प्रसार करायचा, तिच्याच गल्ल्याला ती झळ लावते. मग अर्ज 'तांत्रिक पडताळणी'त अडकतो आणि नेट मीटर 'उपलब्ध नाही', असे उत्तर मिळते. यात एखाद्या अभियंत्याचा आळस असेलही, पण मूळ कारण व्यवस्थेच्या हिशेबातच दडलेले आहे.

वीज हा समवर्ती सूचीतील विषय. केंद्र नियम करू शकते, परंतु मीटर बसविणार राज्याची कंपनी आणि दर ठरविणार राज्याचा नियामक. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक अभ्यासाविना मंजुरी गृहीत धरली आणि मीटर बसवून यंत्रणा सुरू करण्याची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आणली. वितरण कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून सूर्यघर योजनेत ४,९५० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. मुदत पाळली जाते की नाही, हे मात्र अखेर राज्यांच्या इच्छाशक्तीवर अवलंबून राहते. गुजरात, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश व केरळ पुढे आणि पश्चिम बंगाल, झारखंड मागे, या चित्राचा अर्थ गुजरातेत ऊन जास्त एवढाच काढणे भाबडेपणाचे होईल. केरळात तर पावसाचे महिनेच अधिक. गुजरातने २०१९ मध्येच राज्याची योजना उभारून पुरवठादार, बँका आणि वितरण कंपन्या यांची घडी बसविली होती, हा फरक आहे.

शेजारच्या पाकिस्तानचा धडा याहून कडक आहे. तेथे सरकारने मोठी मोहीम हाती घेतली नव्हती. विजेचे दर असह्य झाले आणि चीनचे पॅनेल स्वस्त झाले, एवढे पुरेसे ठरले. २०२४ या एका वर्षात त्या देशाने सुमारे १७ गिगावॅटचे पॅनेल आयात केले. ज्यांना शक्य होते ते जाळ्यापासून दूर सरकले; वीजकेंद्रांचे बांधील देणे मात्र उरलेल्यांच्या बिलावर येऊन पडले. छत असलेले सुटले आणि छत नसलेले अडकले. भारतात ही वेळ आलेली नाही, पण दिशा निराळी आहे, असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

'असली' आणि 'नकली'

भरवशाचा प्रश्न ऐपतीहूनही जुना आहे. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरणई हे सुमारे २,४०० वस्तीचे गाव तीन दशके अंधारात होते. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तेथे १०० किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाल उभारले आणि देशभर त्याचे कौतुक झाले. नितीशकुमार उद्घाटनाला आले, तेव्हा ग्रामस्थांनी त्यांच्याकडे मागणी केली ती 'असली बिजली'ची. सौरवीज महाग पडत होती आणि तिच्यावर मोठी उपकरणे चालत नव्हती. शहराला तारेतून मिळते ती खरी आणि आपल्याला मिळाली ती दुय्यम, ही त्यामागची बोच होती. पुढे तारांची स्वस्त वीज गावात आली, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि काही वर्षांनी त्या केंद्राच्या आवारात गुरे बांधली जात असल्याच्या बातम्या आल्या.

धरणईकर अडाणी होते, असा निष्कर्ष त्या वेळी काहींनी काढला. वस्तुतः त्यांनी अत्यंत व्यवहारी प्रश्न विचारला होता : बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार आणि आमच्या गरजा वाढल्यावर ही वीज वाढणार का? कर्नाटकात १९९५ पासून 'सेल्को'ने याच प्रश्नांची उत्तरे आधी शोधली. ग्राहकाच्या कमाईशी जुळणारे हप्ते आणि घरापर्यंत येणारी दुरुस्तीसेवा यांवर तिने भर दिला आणि तिचे संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सूर्यघर योजनेतील पॅनेल पंचवीस वर्षे टिकावेत अशी अपेक्षा आहे. पुरवठादारावर पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. त्यानंतरच्या वीस वर्षांत इन्व्हर्टर बिघडला तर कोणाचे दार ठोठवायचे, याचे उत्तर गावोगावच्या कुशल तंत्रज्ञांतूनच मिळेल. कौशल्यवर्धनासाठी योजनेत प्रचाराइतकेच, म्हणजे ६५७ कोटी रुपये आहेत. त्यांचा विनियोग कसा होतो, यावर पहिल्या रकमेचे सार्थक अवलंबून आहे.

गरज असते तेथे

जेथे सौरऊर्जा प्रत्यक्ष दुखण्यावर इलाज ठरते, तेथे प्रचाराची फारशी गरज भासत नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे साप आणि बिबट्यांच्या भीतीत पिकाला पाणी द्यावे लागते. दिवसा वीज ही त्याची जुनी मागणी. केंद्राच्या २०१९ च्या 'कुसुम' योजनेला जोडून राज्याने 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आणली. त्यात शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के ठेवण्यात आला आणि पंपांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अग्रेसर ठरला. याचीही दुसरी बाजू आहे. पंप दिवसभर फुकट चालू लागला की भूजल उपशाला धरबंध राहत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाने २०१६ मध्ये त्यावर वाट दाखविली. तेथील शेतकऱ्यांनी सौर सहकारी मंडळी स्थापून वाचलेली वीज वितरण कंपनीला विकायला सुरुवात केली. वीज विकून पैसे मिळू लागले की पाणी वाचविण्यात शेतकऱ्याचा स्वार्थ तयार होतो.

राज्यांच्या राजकारणातही अशीच एक नवी चाल दिसू लागली आहे. राजस्थानने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शंभर युनिटची सवलत दीडशेवर नेताना ती सौर पॅनेलशी जोडली. बिहारने १२५ युनिट मोफत देतानाच ग्राहकांच्या संमतीने छतांवर किंवा जवळच्या सार्वजनिक जागी सौर यंत्रणा उभारण्याचे जाहीर केले. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एक किलोवॅटची यंत्रणा अवघ्या अडीच हजार रुपयांच्या हिश्श्यात देण्याचा निर्णय घेतला. मोफत वीज बंद करण्याचे धाडस कोणत्याही पक्षात नाही. पण तीच सवलत दरमहा बिलात विरघळविण्याऐवजी एकदाच पॅनेलच्या रूपाने छतावर ठेवली, तर मतदारही नाराज होत नाही आणि तिजोरीचा कायमचा बोजाही हलका होतो, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात येऊ लागले आहे. सूर्यघर योजनेचे यश एक कोटी या आकड्यापेक्षा या चालीवर अधिक ठरेल.

एक कोटी घरांचे उद्दिष्ट २०२६-२७ साठीचे आहे. ते गाठले गेले काय किंवा थोडे मागेपुढे राहिले काय, देशातील सुमारे पंचवीस कोटी घरांच्या मानाने ही सुरुवातच होय. खरा प्रश्न उरलेल्या घरांचा आहे. छत असलेल्यांनी आपले बिल शून्यावर आणावे आणि जाळ्याचा खर्च भाडेकरू, झोपडीवासी व छोट्या ग्राहकांच्या माथी राहावा, असा या योजनेचा शेवट होता कामा नये. त्यासाठी दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंतच्या यंत्रणेने नोंदणीच्या आकड्यांऐवजी दोन गोष्टींचा दरमहा हिशेब जाहीर करायला हवा : अर्जानंतर किती दिवसांत नेट मीटर बसले आणि स्वतःचे छत नसलेल्या किती कुटुंबांना सामुदायिक प्रकल्पात वाटा मिळाला. हे दोन आकडे मागणारा खासदार संसदेत अद्याप उठून दिसत नाही. तो दिसेपर्यंत सौरवीज ही छतवाल्यांचीच सवलत राहील.